पोपटांच्या पाळण्यास लाख चढविली त्याची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न असो. ऐकणारांस सवड असो, सांगणारास विसर न पडो. जैसे वडिलांच्या मुखे ऐकिले तैसे लिहितो, पदरचे घालीत नाही, आणि घातलेच तर लहानसे घालितो. शके सत्राशे दोन, शार्वरी नाम संवत्सर, ते समयी घाटाखाली नदीच्या वळणावर एक राज्य होते. राज्य म्हणावे तर सकाळी निघालेला स्वार दुपारच्या भोजनास सरहद्दीवर पोहोचे, एवढेच. नाव लिहिण्याची आज्ञा नाही. त्या राज्याचा कारभार आईसाहेब पाहात होत्या. यजमान पूर्वीच कैलासवासी जाहले होते, थोरले पुत्र गादीवर बसले आणि त्यांस मद्याचे व्यसन जडले, आणि वैद्य जाहले, नवस जाहले, शपथा जाहल्या, आणि मग एके वैशाखात वयाच्या एकुणतिसाव्या वर्षी थोरले महाराज निवर्तले. धाकटे गादीवर आले, ते स्वभावे मवाळ, म्हणोन शिक्का त्यांचा आणि हुकूम आईसाहेबांचा ऐसे चालिले. सुतक फिटताच आईसाहेबांनी पहिला हुकूम केला तो हा की, या राज्यात मद्याचा थेंब राहू नये. मग भट्ट्या फोडिल्या, माठ उलथिले, आणि तीन दिवस नदीस मोहाच्या फुलांचा वास येत होता. तुळशा कलाल म्हणोन मोठा भट्टीवाला होता तो भाजी विकू लागला. हुकूम योग्यच होता, त्यास कोणी नावे ठेविली नाहीत. परंतु या हुकुमाने एका मनुष्याचे काय होईल हे कोणाच्या मनात आले नाही, आणि खुद्द त्या मनुष्याच्याही मनात दोन महिने आले नाही.

तो मनुष्य रखमाजी जिनगर, सरकारी रंगशाळेचा मुख्य. लाकडावर चित्रे काढावी आणि त्या चित्रांवर लाख चढवावी हे त्याचे काम. पालख्या, देव्हारे, चौरंग, गंजिफांच्या पेट्या, जे जे म्हणोन राजवाड्यात रंगीत लाकूड होते ते त्याच्या हातचे. आता लाख दोन प्रकारे चढते. खेळण्यांस आणि पलंगाच्या पायांस कातारी लोक लाकूड गरगर फिरवून लाखेची कांडी दाबितात, घासून ताव येतो आणि लाख वितळोन बसते. चित्रांच्या फळीस ते चालत नाही, ताव लागताच रंग करपतात. तेथे चपडी, म्हणजे गाळून पापुद्र्यासारखी पातळ केलेली लाख, कडक अर्कात विरघळवावी आणि मऊ फडक्याने हलक्या हाती पुसावी. अर्क उडोन जातो, लाख मागे राहते, आणि चित्र काचेखाली ठेविल्यासारखे होते. पाण्यात ती चपडी विरघळत नाही, तेलात विरघळत नाही, तिला मद्याचाच अर्क पाहिजे, तोही तीन वेळा काढिलेला. भट्ट्या मोडिल्या तेव्हा रखमाजीपाशी एक बरणी शिल्लक होती. ती सरली, आणि मग तो सवयीने कलालाच्या आळीस निघाला आणि अर्ध्या वाटेवर उभा राहिला, तेव्हा त्यास उमगले.

त्यानंतर दोन वर्षे रंगशाळेत काम उरले नाही. हाताखालची सात माणसे एकेक करोन दुसऱ्या राज्यांत गेली, आणि शेवटचा गेला त्याने जाताना कुंचले धुऊन ओळीने मांडून ठेविले, ते रखमाजीने तैसेच राहू दिले. बायको चंद्रा नऊ वर्षांमागे वारली होती, मूलबाळ जाहले नव्हते. रंगशाळा गावाबाहेर नदीकाठी, कारण लाख शिजविता उग्र दर्प सुटतो आणि आगीचे भय असते. त्या ठिकाणी वाट चुकोनही कोणी येत नसे. दिवसाचे दिवस रखमाजीच्या तोंडून शब्द निघत नसे, आणि मग आपला आवाज गेला की काय ऐसे वाटून तो उगाच मांजरास हाक मारी, आणि मांजर त्याचे नव्हते. आठवड्यातून एकदा तो वैद्याकडे जाई आणि न झालेल्या खोकल्याचे औषध मागे. वैद्य पुडी बांधीत असता "झोप लागते का? भूक कैसी आहे?" ऐसे विचारी, म्हणोन जाई. पुड्या घरी आणोन फळीवर ठेवी. दोन वर्षांत ती फळी भरली आणि त्याने दुसरी ठोकली.

मग शार्वरी संवत्सरी ज्येष्ठ मासी कारभारी गिरमाजीपंत स्वतः चालत रंगशाळेत आले आणि मागोमाग दोघा भोयांनी एक पाळणा आणिला. पंतांनी नाकास उपरणे लाविले आणि म्हणाले, "धाकट्या राणीसाहेबांस आठवा सरला आहे. आईसाहेबांची इच्छा की बारशास हाच पाळणा टांगावा. ओळखिलास काय?" रखमाजीने ओळखिला. एकतीस वर्षांमागे थोरल्या महाराजांच्या बारशास त्यानेच रंगविला होता. चारी फळ्यांवर पोपट, आंब्याच्या डहाळीवर बसलेले, आणि एक पोपट मान वळवून मागे पाहात असे, तो चंद्रेने सुचविला होता. इतक्या वर्षांचा धूर बसोन लाख काळवंडली होती, ठायी ठायी सुटली होती, आणि त्याने काठावरोन बोट फिरविले तो पिवळा रंग बोटास आला. रखमाजीने ते बोट फडक्यास पुसिले. पंत म्हणाले, "पुसून घे म्हणजे जाहले. नवे चित्र नको, हेच हवे." रखमाजी म्हणाला, "पंत, हे पुसून होणारे काम नव्हे. हा पिवळा हरताळाचा आहे आणि चोचीचा तांबडा हिंगुळाचा. दोन्ही विषे आहेत. वर लाख असेल तोवर काळजी नाही, लाख गेल्यावर मूल काठ चोखील आणि विष पोटात जाईल. एक तर सगळे खरवडून काढा, नाही तर वर लाख चढवा." पंत म्हणाले, "मग चढव." रखमाजी म्हणाला, "अर्क पाहिजे." पंत म्हणाले, "कशाचा?" आणि म्हणता म्हणताच त्यांस उत्तर कळले, आणि ते भोयांस म्हणाले, "तुम्ही बाहेर बसा."

हा अर्ज आईसाहेबांपुढे कोणी न्यावा यावर चार दिवस गेले. अखेर पंतांनीच नेला. तेल आणि चंद्रस नावाची राळ यांचे रोगण चालेल काय, ऐसे आईसाहेबांनी पुसिले. त्यावर रखमाजीचा जबाब आणविला की, तेलाचे रोगण या ओल्या दिवसांत तीन महिने चिकट राहील, पिवळे पडेल, आणि तान्ह्या मुलाने चोखण्याजोगे नाही. लाख पोटात गेली तरी अपाय नाही. मग चित्रे खरवडावी काय, ऐसे पंतांनी हळूच पुसिले. आईसाहेब म्हणाल्या, "ते पोपट आमच्या मुलाने पाहिलेले आहेत. राहू देत. एक बरणी काढवा. वर पहारा बसवा. संध्याकाळी रोज माप घ्यावे आणि एक थेंब इकडचा तिकडे जाहला तर आम्हांस कळवावे." पंतांस मद्याचा अर्क ऐसे कागदावर लिहावयाचा संकोच वाटला, म्हणोन त्यांनी हुकूम लिहिला तो मोघम ऐसा की, रंगशाळेस कामापुरती दारू द्यावी. हुकूम दारूखान्यात, म्हणजे तोफाबंदुकांच्या दारूच्या कोठारात, गेला, आणि दारूखान्याने दुसऱ्या दिवशी बंदुकीच्या दारूचे एक पिंप बैलगाडीवर घालोन रंगशाळेत पोहोचते केले. रखमाजीने झाकण उघडोन पाहिले आणि दोन वर्षांत प्रथमच हसला, आणि हसणे ऐकावयास कोणी नव्हते म्हणोन लवकर थांबला. मग त्याने चिमूटभर दारू पुडीत बांधोन ठेविली आणि पिंप परत केले.

मग पंतांच्या समोर तुळशा कलालाकडून एक भट्टी एका दिवसापुरती मांडविली. मोहाचा अर्क काढिला, तोच पुन्हा काढिला, आणि तिसऱ्या वेळी कळीचा चुना घालोन काढिला म्हणजे उरलेसुरले पाणी चुना पितो. तुळशा पूर्वीसारखा उकिडवा बसोन धार पाहात होता आणि कोणाकडे पाहात नव्हता. अर्क निवाला तेव्हा रखमाजीने पुडीतील बंदुकीची दारू दगडावर ओतिली, तीवर अर्काची पळी शिंपडिली आणि ठिणगी लाविली. निळी ज्योत नाचत राहिली, आणि ज्योत सरतासरता खालची दारू भस्सकन पेटली. पंत दोन हात मागे सरले. रखमाजी म्हणाला, "पाणी असते तर ती भिजून राहिली असती. हा चांगला आहे." मग अर्क चिनी मातीच्या बरणीत भरिला, झाकणास लाखेची मोहर केली, भट्टी लगेच फोडिली, आणि तुळशा आपली भाजीची पाटी घेऊन गेला.

पहाऱ्यावर आला तो हैबती नाईक. घाटावरचा मनुष्य, चाळिशीचा, उंच, मिशा जाड आणि बोलणे थोडे. तो आला तो खांद्यास तोड्याची बंदूक आणि तोडा, म्हणजे बत्तीची दोरी, पेटलेला. रखमाजी म्हणाला, "नाईक, तो तोडा बाहेर विझवा. या बरणीचा वास त्यास लागला तर तुम्ही, आम्ही आणि पाळणा तिघेही नदीपलीकडे जाऊ." हैबतीने विचार केला आणि म्हणाला, "तोड्याविना बंदूक म्हणजे काठी." रखमाजी म्हणाला, "बरणी पळोन जाणार नाही." मग त्याने तोडा विझविला आणि बरणीसमोर मांडी घालोन बसला, आणि दुपारपर्यंत दोघांत आणखी शब्द जाहला नाही. दुपारी रखमाजी पीठ मळावयास बसला. समोर मनुष्य आहे म्हणोन दोघांचे घेतले, परंतु इतक्या वर्षांत अंदाज मोडला होता, भाकऱ्या चौघांच्या जाहल्या. हैबती म्हणाला, "पहाऱ्यावर खात नसतात." रखमाजी म्हणाला, "मग बरणी तुमच्या मांडीशी ओढून घ्या आणि खा." हैबतीने तैसेच केले, आणि दोन माणसांच्या भाकऱ्या संपवून तिसऱ्याची अर्धी खाल्ली.

मग कामास आरंभ जाहला. प्रथम जुनी लाख अर्काच्या फडक्याने अलगद नरम करोन उचलिली. रंग डिंकात कालविलेले होते, त्यांस अर्क सोडवीत नाही, म्हणोन पोपट जागेवर राहिले आणि एकतीस वर्षांचा धूर मात्र फडक्यावर आला. हैबती बसल्या जागेवरोन पाहात होता. त्याने आपण होऊन पहिला प्रश्न पुसिला तो हा की, "बाबा, तो एकच मागे का पाहातो?" रखमाजी म्हणाला, "बायकोने सांगितले म्हणोन. मी पुसिले नाही. आता पुसावेसे वाटते." हैबती म्हणाला, "हाक मारिली असेल कोणी." ते उत्तर रखमाजीस पुरे वाटले. मग चपडी कुटून अर्कात भिजत घातली, दिवसभर ढवळिली, मलमलीतून गाळिली आणि एक भाग लाखेस पाच भाग अर्क ऐसे पातळ पाणी केले. जुन्या धोतराच्या तुकड्यात कापूस घालोन पुरचुंडी केली, ती बुडवून पिळली, आणि फळीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकापर्यंत एकच हात नेला. "ओल्या जागेवर पुन्हा जाऊ नये," तो हैबतीस सांगू लागला, "गेले की खालची लाख उठते आणि रंगही ओढते. चूक दिसली तरी पुढे जावे, वाळू द्यावे, मग सुधारावी." हैबतीने मान हलविली. त्यास कोणी काही समजावून सांगते याचीच सवय नव्हती. घाटावर त्याचा एक भाऊ होता आणि त्याचे कधी पत्र येत नसे, आणि हेही त्याने तीन दिवसांत तीन तुकड्यांनी सांगितले.

आषाढ लागला. हवेत पाणी भरले, आणि चौथ्या दिवशी काय जाहले की, सकाळी पुसलेली फळी दुपारी पांढरी पडली. पोपटांवर दुधाची साय आल्यासारखे जाहले. रखमाजीचे तोंड उतरले. ओल्या हवेत अर्क उडताना गार होतो आणि दहिवर धरितो, ते लाखेत अडकते. तो फळी पालथी करोन बसला आणि म्हणाला, "बारशापूर्वी होत नाही." हैबती उठला, बाहेर जाऊन अंगणात निखाऱ्यांची शेगडी केली, आणि विटा तापवून त्या विटा कापडात गुंडाळोन आत आणोन भिंतीशी मांडिल्या, विस्तव आत आणिला नाही. थंड पडलेल्या विटा बाहेर, तापलेल्या आत, ऐसे त्याने दोन दिवस केले. खोली सुकली. रखमाजीने पांढऱ्या जागेवर नुसत्या अर्काची जेमतेम ओली पुरचुंडी फिरविली आणि साय विरली, खालोन पोपट वर आले. दोघेही फळीकडे पाहात उभे राहिले. त्या आठवड्यात रखमाजी वैद्याकडे गेला नाही, आणि आपण गेलो नाही हे त्याच्या ध्यानातही आले नाही.

परंतु बरणीचे माप रोज होत होते. हैबती संध्याकाळी वेताची काडी आत बुडवी, ओल जेथवर आली तेथे खूण करी आणि मोहर लावी. सातव्या संध्याकाळी त्याने काडी पाहिली, पुन्हा बुडविली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाला, "बाबा, कामास घेतला तो मी समोर बसोन पाहिला. तेवढ्याने काडी तीन बोटे उतरावी. सहा उतरली आहे. बाकीचा तीन बोटे अर्क कोठे गेला?" रखमाजी म्हणाला, "उडाला." हैबती म्हणाला, "झाकण बंद असता?" "झाकण उघडितो तेव्हा उडतो, वाटीत ओततो तेव्हा उडतो, फडक्यावरोन उडतो. उडतो म्हणोनच तो लाखेच्या कामाचा." हैबतीने काडी पुसोन ठेविली. मग म्हणाला, "तुम्ही सांगता ते खरे असेल. पण मला काडी दिसते, उडालेला दिसत नाही. मी वर काय सांगू?" रखमाजी म्हणाला, "जैसे पाहिले तैसे सांगा." हैबती म्हणाला, "तुम्हांस राग येईल." रखमाजी म्हणाला, "येईल. तरी सांगा." आणि हैबती बंदूक उचलोन वाड्याकडे गेला, आणि जाताना त्याने दाराबाहेरच्या गार विटा ओळीने रचून ठेविल्या.

दुसरे दिवशी सकाळी गिरमाजीपंत चौघे शिपाई घेऊन आले. रखमाजीच्या तोंडाचा वास घेतला, अंगरख्याचा घेतला, हातांचा घेतला, आणि जेथे घेतला तेथे अर्काचाच आला. बाजारातून त्यास चालवीत नेले. ज्यांच्या देव्हाऱ्यांस त्याने रंग दिला होता ते लोक दुकानांच्या फळ्यांवर उभे होते. कोणी शिवी दिली नाही, कोणी बाजूही घेतली नाही. वैद्य आपल्या दारात खलात काही कुटीत होता, त्याने मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. रखमाजीस त्या खाली घातलेल्या मानेचे जितके लागले तितके शिपायांच्या हाताचे लागले नाही. सदरेवर आईसाहेब पडद्याआड बसल्या होत्या. हैबतीने पाहिले तितके सांगितले, अधिक नाही, उणे नाही. पंत म्हणाले, "याच्या अंगास वास आहे." रखमाजी म्हणाला, "असणारच. मी रोज त्यात हात घालितो." पडद्यातून विचारणा जाहली, "तुझे म्हणणे काय?" रखमाजी म्हणाला, "आईसाहेब, दोन पसरट थाळ्या मागवाव्या. एकीत चार पळ्या पाणी घालावे, दुसरीत बरणीतील चार पळ्या अर्क. आपल्या डोळ्यांसमोर ठेवाव्या. मला दोन खांबांपलीकडे बसवावे. दुसरे म्हणणे नाही."

तैसे केले. सदरेवरील कामे चालू राहिली, कज्जे आले आणि गेले, आणि थाळ्या मध्ये मांडलेल्या राहिल्या. दोन प्रहर जाहले तेव्हा पंत स्वतः जाऊन वाकले. पाण्याची थाळी जैसी होती तैसी. अर्काच्या थाळीत हात फिरविला तो हातास ओल लागली नाही. पंत त्या थाळीकडे आणि आपल्या हाताकडे आळीपाळीने पाहात राहिले. मग पडद्यातून आज्ञा जाहली की, सर्वांनी बाहेर जावे, कारागिराने थांबावे. सर्व गेले, हैबतीही गेला. आईसाहेब पडदा सारून बाहेर आल्या आणि रिकाम्या थाळीपाशी उभ्या राहिल्या. रखमाजीने त्यांस एकतीस वर्षांमागे पाहिले होते, पाळण्याची दोरी धरलेल्या. आता केस पांढरे होते आणि हात कोठे ठेवावे हे त्यांस समजत नसल्यासारखे दिसत होते. त्या म्हणाल्या, "पिण्याचे जे असते तेही ऐसेच उडते काय?" रखमाजी म्हणाला, "इतके नाही, आईसाहेब. त्यात पाणी पुष्कळ. थोडे उडते, बाकीचे राहते." त्या म्हणाल्या, "शेवटच्या महिन्यात आमच्या थोरल्याने शपथ घेतली होती. उशाशी एक पेला भरून ठेवी, आणि म्हणे, हा भरलेला राहील तोवर मी जिंकलो ऐसे समज. एके सकाळी आम्ही गेलो तो पेला उणा होता. चार बोटे उणा. तो म्हणाला, आई, मी शिवलो नाही. आम्ही त्यास खोटा म्हणालो. दासींसमोर म्हणालो. त्या दिवसापासून त्याने पुन्हा पिणे धरिले, आणि मग थांबला नाही."

रखमाजी उभा होता. त्याच्या चाळीस वर्षांच्या हातांस ठाऊक होते की अर्क किती उडतो, उन्हात किती, सावलीत किती. चार बोटे एका रात्रीत उडावी हे अवघड होते. परंतु पेला किती दिवस उघडा होता, तोंड किती रुंद होते, खिडकी कोठे होती, हे त्यास ठाऊक नव्हते, आणि ज्यास ठाऊक होते तो नव्हता. त्याने पुसिले, "दिवस कोणते होते?" आईसाहेब म्हणाल्या, "चैत्र सरत होता." रखमाजी म्हणाला, "पेला किती दिवसांचा भरलेला होता?" त्या म्हणाल्या, "आठ. किंवा नऊ. आम्ही रोज पाहात नव्हतो." रखमाजी म्हणाला, "मग उडाला असेल." आईसाहेबांनी पुसिले, "असेल, की उडाला?" तो म्हणाला, "असेल, आईसाहेब. त्यापुढे मला ठाऊक नाही. खोटे सांगणार नाही." त्यांनी मान हलविली. थाळीच्या काठावरोन बोट फिरविले. मग म्हणाल्या, "जा. पाळणा पुरा कर." रखमाजी बाहेर आला तेव्हा हैबती पायरीवर उभा होता. दोघे बाजारातून एकामागे एक ऐसे चालत गेले, अर्ध्या वाटेवर शेजारी शेजारी जाहले.

मग राहिलेले काम जाहले. पातळ लाखेचे आठ हात दिले, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा, आणि शेवटी पुरचुंडीस तिळाच्या तेलाचा एक थेंब लावोन गोल गोल फिरविले म्हणजे फडके अडत नाही आणि झळाळी येते. श्रावण शुद्ध तृतीयेस धाकट्या राणीसाहेबांस पुत्र जाहला आणि बाराव्या दिवशी बारसे मांडिले. उरलेला अर्क हुकुमाप्रमाणे पंतांच्या समक्ष नदीत ओतिला. बायकांचा सोहळा, म्हणोन रखमाजी आणि हैबती बाहेरच्या चौकात उभे होते. आतून गाणी ऐकू येत होती, नाव ठेविलेले ऐकू आले नाही. गर्दी ओसरल्यावर आईसाहेबांनी दोघांस दारापर्यंत बोलाविले. त्यांनी पाळण्याच्या काठावर तळहात फिरविला आणि तळहात नाकाशी नेला. म्हणाल्या, "वास नाही." रखमाजी म्हणाला, "राहात नाही, आईसाहेब." त्या म्हणाल्या, "तुझी अवहेलना जाहली. काय पाहिजे ते माग." पंतांनी शाल तयार ठेविली होती. रखमाजी खाली पाहात म्हणाला, "बरणीवरचा पहारा उठवू नये."

पंत म्हणाले, "बरणी रिकामी आहे. मी स्वतः ओतविली." रखमाजी म्हणाला, "होय, रिकामी आहे." पंत म्हणाले, "मग पहारा कशाचा?" रखमाजी कानापर्यंत तांबडा जाहला आणि उभा राहिला. हैबती समोरच्या भिंतीकडे पाहात होता. आईसाहेबांनी दोघांकडे पाहिले आणि पंतांस म्हणाल्या, "आमच्याही महालाच्या दारी पहारा असतो. आत राखण्याजोगे पुष्कळ आहे ऐसे नाही. लिहा. रंगशाळेतील बरणीवर पहारा कायम असावा, बरणीत काय आहे याची चौकशी करू नये." मग हैबतीस पुसिले, "तुझे काय म्हणणे?" हैबती म्हणाला, "हुकूम." आणि थांबोन म्हणाला, "संध्याकाळी काडी बुडवायची काय?" आईसाहेब म्हणाल्या, "बुडवावी."

त्याप्रमाणे आठ वर्षे चालिले. लोक प्रथम हसले, मग विसरले. पुढे तुळशास वर्षातून एक बरणी काढण्याची परवानगी जाहली, काम येऊ लागले, परंतु तो अर्क दुसऱ्या बरणीत ठेवीत, पहाऱ्याची बरणी रिकामीच राहिली. हैबती रोज काडी बुडवी, वर काढी आणि म्हणे, "कोरडी." रखमाजी म्हणे, "असू द्या." मग भाकरी खात आणि घाटावर आता थंडी कैसी असेल ऐसे बोलत. शके सत्राशे दहा, माघ मासी रखमाजी जिनगर दोन दिवसांच्या तापाने वारला. खांद्यास चौघे मिळाले, त्यांत एक वैद्य होता. तिसरे दिवशी पंतांनी चिठी पाठविली की, आता तेथे कोणी नाही, नाइकांनी हुजुरातीत, म्हणजे वाड्याच्या शिबंदीत, रुजू व्हावे. हैबतीने निरोप दिला, "हुकूम बरणीचा आहे, माणसाचा नव्हता." आणि रंगशाळेत एकटाच बसोन राहिला. पंतांनी तो निरोप आईसाहेबांस सांगितला. त्या वेळी त्यांस दिसत कमी असे. त्या म्हणाल्या, "बसू द्या त्यास."

येणेप्रमाणे हकीकत. त्या पाळण्यात पुढे तीन मुले निजली, तिघांनीही काठ चोखिला, एकासही बाधा जाहली नाही. कारागिराचे नाव कोणत्याही फळीवर नाही. पहारा बसविल्याचा कागद दप्तरात आहे, उठविल्याचा शोधिता आढळला नाही. जितके ठाऊक होते तितके लिहिले, येथे लेखणी धुऊन ठेविली.